अंगणात आणि कब्रस्तानात कोणते झाड लावावे?

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या भागातल्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. वर्ष पुरे होते न होते तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनारा घासत वर गेले. नारळ, सुपारी आणि आंब्याचे नुकसान पैशात मोजता येते, म्हणून त्याचे पंचनामे झाले, भरपाईची चर्चा झाली. मशिदीच्या आवारातली, पाणंदीच्या कडेची, कब्रस्तानाच्या गडग्याजवळची झाडे मात्र कुणाच्या उत्पन्नाची नव्हती. ती गेली आणि तिथे ऊन आले.

त्यानंतर झाडे लावण्याचे कार्यक्रम पुष्कळ झाले. जमातीने केले, तरुण मंडळांनी केले, शाळांनी केले. आपल्याकडे झाड लावणे सदका-ए-जारिया मानले जाते, त्यामुळे उत्साहाला तोटा नसतो. तोटा असतो तो एका प्रश्नाचा. कोणते झाड? बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते: जे रोप फुकट मिळाले ते, नाहीतर जे लवकर वाढते ते. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. पाच वर्षांत दोन पुरुष उंची, फोटोत छान हिरवळ, आणि मोठ्या वाऱ्यात पहिली फांदी पत्र्यावर.

कोकणातल्या आपल्या गावांची स्थिती लक्षात घेऊन हा प्रश्न सोडवायला हवा. घरटी एक-दोन माणसे मुंबईत किंवा आखातात. कित्येक घरांना दहा महिने कुलूप. गावात राहिलेली दादी नाहीतर एखादे चाचा स्वतःचे गुडघे सांभाळून विहिरीवर जातात. त्यांनी कब्रस्तानातल्या पन्नास रोपांना पाणी घालावे ही अपेक्षा कशी करायची? सुट्टीवर आलेला मुलगा मे महिन्यात हौसेने रोपे आणतो, कडक उन्हात लावतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात विमानात बसतो. म्हणजे आपल्याला असे झाड हवे, जे पहिली दोन-तीन वर्षे सांभाळले की पुढे माणसाकडे काही मागणार नाही. बहुतेक भागात चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे, खाली जांभा दगड आणि अंगावर खारा वारा, हे सगळे सोसणे ज्याच्या रक्तातच आहे असे झाड. ते रोपवाटिकेच्या रंगीत फलकावर शोधू नये. ते आपल्याच गावात कुठेतरी उभे असते.

एखाद्या सकाळी गावातल्या सर्वात जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे आणि जुन्या जागा फिरून याव्यात. जुने कब्रस्तान, दर्ग्याचे आवार, शेजारच्या गावची देवराई, ओढ्याचा काठ. जिथे शंभर वर्षे कुऱ्हाड चालली नाही, तिथे काय उगवले आहे ते पाहावे. समुद्राकडेला उंडी दिसेल, खाडीकाठी करंज, ओढ्याला ताम्हण आणि जांभूळ, डोंगराच्या पायथ्याशी ऐन, किंजळ, कुंभा, बेहडा. नावे लिहून घ्यावीत. आमच्या पिढीला यातली निम्मी नावे येत नाहीत, आणि पुढच्या पिढीला झाड म्हणजे गुलमोहर एवढेच माहीत असेल अशी भीती वाटते. ही यादीच आपली रोपवाटिका.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल तर उंडीइतके भरवशाचे झाड नाही. जाड, चकचकीत पाने खारे वारे झेलतात, सावली दाट पडते, फुले सुवासिक. पूर्वी उंडीच्या बियांचे तेल दिव्यात जळे आणि लाकूड होड्यांना लागे. करंजही असाच चिवट, खाऱ्या पाण्याच्या कडेला वाढणारा. त्याला पाणी द्यायची गरज पहिल्या उन्हाळ्यानंतर फारशी पडत नाही. बकुळ हळू वाढते, पण एकदा वाढली की घराची राखण करणाऱ्या म्हाताऱ्यासारखी उभी राहते. खाली पडलेली फुले मुली ओंजळीत गोळा करतात, सुकली तरी वास जात नाही. सिंधुदुर्गात, विशेषतः वेंगुर्ल्याकडे, सुरंगी आहे. तिच्या गजऱ्यांवर तिथे घरे चालतात.

परसात खाण्याचे झाड हवे असेल तर कोकम आणि फणस ही सह्याद्रीचीच लेकरे. कोकमाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आधी माहीत असायला हवी. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. तोवर दादी रोज झाडाकडे पाहत असते, की सोले कधी मिळणार! म्हणून एक-दोनच झाडे लावायची असतील तर मादी झाडाचे कलम घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने अशी कलमे आणि 'कोकण अमृता'सारख्या जाती लोकांपर्यंत नेल्या आहेत. आंब्याचे म्हणाल, तर हापूसचे कलम आणून लावण्यापेक्षा रायवळची कोय जागेवरच रुजवावी आणि रोप जोमदार झाले की तिथेच कलम बांधून घ्यावे. असे झाड सोटमूळ सरळ खाली सोडते. पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी गोल गोल फिरून गुंडाळलेले असते. ते झाड वर कितीही मोठे दिसले तरी जमिनीत त्याची पकड नसते. वादळात उन्मळणाऱ्या झाडांचे रहस्य पुष्कळदा या पिशवीत असते. म्हणून रोप घेताना उंची पाहू नये. गुडघाभर उंचीचे, सरळ बुंध्याचे, पिशवीच्या भोकांतून मुळे बाहेर न आलेले रोप डोक्याएवढ्या उंच रोपापेक्षा चांगले.

आता कब्रस्तानाबद्दल थोडे सविस्तर. शहरात आणि गावातही कब्रस्तान ही पुष्कळदा मोहल्ल्यातली शेवटची मोकळी जमीन असते. तिची मालकी कुणा एकाची नाही, म्हणून तिथे लावलेले झाड टिकण्याची शक्यता अंगणातल्या झाडापेक्षा जास्त. पण तिथले नियमही वेगळे. कबर खोदताना मुळे आडवी आली तर खोदणाऱ्यांचे हाल होतात आणि मय्यत ताटकळते. म्हणून दोन कबरींच्या मध्ये, कितीही मोकळी जागा दिसली तरी, मोठे झाड लावू नये. झाडांची जागा गडग्याच्या आतल्या कडेने, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि जनाज्याची नमाज होते त्या पटांगणाच्या भोवती. आपल्याकडे किबला पश्चिमेला. असरनंतर सफ उभी राहते तेव्हा उतरते ऊन थेट तोंडावर येते. त्यामुळे पटांगणाच्या पश्चिमेच्या कडेला दाट सावलीची झाडे असावीत. करंज, बकुळ, उंडी यांपैकी काहीही चालेल. पूर्वेची बाजू मोकळी राहिली तरी हरकत नाही.

एक बोरीचे झाड प्रत्येक कब्रस्तानाच्या कोपऱ्यात असायलाच हवे असे मला वाटते. मय्यतच्या गुस्लसाठी बोरीची पाने लागतात आणि ऐनवेळी, विशेषतः शहरात, ती शोधत पोरांना धावावे लागते. आपली रानबोर ही इथलीच, अरबस्तानातल्या सिद्रची सख्खी बहीण. पाणी लागत नाही, जमीन कसलीही चालते, बोरे पाखरेही खातात आणि मुलेही. काटे असतात, म्हणून वाटेपासून दूर लावावी. खाडीच्या खारवट जमिनीला लागून कब्रस्तान असेल तर पिलूही शोभेल. पिलू म्हणजे मिस्वाकचे झाड. पुष्कळांना ते फक्त अरबस्तानात होते असे वाटते, पण आपल्या किनाऱ्यावर खाड्यांच्या काठी ते आपोआप उगवते.

मग कबरींवरच्या पांढऱ्या चाफ्याचे काय, असे कुणी विचारील. चाफा इथला नाही, तो अमेरिका खंडातून आलेला. पण तो फांदी खोचली की जगतो, आपणहून पसरत नाही, कुणाची जागा बळकावत नाही. त्याला कुणी हात लावू नये. सब्जाही राहू द्यावा. देशी झाडांचा आग्रह म्हणजे परक्या झाडांशी वैर नव्हे. चिंच आफ्रिकेतून आली आणि अरबांनी तिला 'तमर-ए-हिंद', हिंदची खजूर, असे नाव दिले इतकी ती इथली झाली. गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे किनाऱ्यावर आहेत, त्यांचेही मूळ आफ्रिकेतच. काजू पोर्तुगीजांनी आणला. प्रश्न पासपोर्टचा नाही. झाड शेजाऱ्याला जगू देते की नाही, एवढाच आहे.

जगू न देणारी झाडे ओळखणे सोपे आहे. रानमोडी आणि घाणेरी ही त्यातली पहिली दोन. कोकणात कब्रस्तान चार वर्षे साफ केले नाही तर रानमोडीत कबरी दिसेनाशा होतात. ती कापून उपयोग नाही, पुन्हा फुटते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमीन ओली असताना, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावी. आणि उपटल्यावर लगेच रोपे आणायला धावू नये. एक पावसाळा थांबून पाहावे. रानमोडीच्या खाली दडपलेली जांभळाची, भोकराची, कुंभ्याची पिल्ले, पाखरांनी टाकलेल्या बिया, जुन्या खुंटांचे फुटवे आपोआप वर येतात. त्यांना काठी रोवून खूण करावी आणि शेळ्यांपासून वाचवावे. पुष्कळ ठिकाणी झाडे लावण्याची गरजच नसते, नुसती राखण हवी असते. शेळ्यांचा विषय जरा नाजूक आहे. बकरी ईदच्या आधी गावातले प्रत्येक बोकड लाडके असते आणि कब्रस्तानाचे फाटक नेमके त्याच दिवसांत उघडे राहते. जमातीच्या बैठकीत झाडांचा ठराव करण्याआधी फाटकाच्या कडीचा ठराव करावा.

सुबाभूळ मध्य अमेरिकेतली, ऑस्ट्रेलियन बाभूळ नावावरूनच कळते. सुबाभळीच्या शेंगांतून इतके बी पडते की दोन झाडांची पाच वर्षांत झाडी होते. ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पानांचा कोरडा थर साचतो, तो लवकर कुजत नाही, आणि वणव्याला आयते सरण मिळते. गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, शेताच्या बांधावर जरूर असावे, त्याच्या पाल्याचे खत उत्तम होते. पण डोंगरच्या डोंगर त्याने भरून टाकण्यात काय अर्थ आहे ते मला कधी कळले नाही.

आखातातून येणाऱ्या भावांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. कुवेत, कतार, दुबईच्या रस्त्यांवर हिरव्या भिंतीसारखी दिसणारी झाडे असतात. ती कोनोकार्पस. बिनपाण्याची, बाराही महिने हिरवी, म्हणून पुष्कळजण गावाकडे कुंपणाला तीच लावा म्हणतात आणि आता आपल्या शहरांतही ती दिसू लागली आहेत. हे झाड पाण्याच्या शोधात नळ आणि गटारे फोडते, त्याच्या परागकणांचा त्रास होतो अशा तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच आखातात दुसरे एक झाड आहे, घाफ. संयुक्त अरब अमिरातीने २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. वाळवंटात मुळे खोलवर सोडून उंटांना पाला आणि माणसांना सावली देणारे हे झाड म्हणजे आपली शमी! मराठवाड्यात, खानदेशात बांधाबांधावर असते. तिथून आणायचेच असेल तर कुंपणाच्या झाडाऐवजी आपल्या मातीतल्या झाडाला मान द्यायची ती रीत आणावी.

देशावरच्या वाचकांनी कोकणाची यादी उचलू नये. सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या बीड, लातूर, अहिल्यानगरकडच्या जमिनीत उंडी आणि कोकम टिकणार नाहीत. तिथे कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर, शमी, भोकर, पळस, धुळे-जळगावकडे अंजन, विदर्भात मोह, बेहडा, शिवण. रीत तीच, जुनी जागा फिरून पाहण्याची.

मुंब्रा, मीरा रोड, भिवंडीच्या इमारतींत राहणाऱ्यांचा प्रश्न जागेचा असतो. सोसायटीच्या भिंतीपासून दहा-बारा फूट जागा असेल तर ताम्हण, बहावा, पारिजातक लावता येतो. ताम्हण हे आपले राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये त्याचे जांभळे घोस पाहिले की नीलमोहराची आठवण होत नाही. वड, पिंपळ, उंबर मात्र इमारतीपासून चाळीस-पन्नास फूट दूरच हवेत, कारण त्यांची मुळे पाया आणि टाक्या फोडतात. मोठे मैदान असेल तर एक उंबर किंवा वड नक्की लावावा. आपला राज्यपक्षी हरियाल या फळांवरच जगतो, धनेशही त्यांच्याच शोधात फिरतो. आणि जागाच नसेल, फक्त गॅलरी असेल, तर कुंडीत कडीपत्ता लावावा. कालवणालाही होतो, आणि काळी-पांढरी फुलपाखरे त्याच्यावर अंडी घालतात. अळ्या दिसल्या की घाबरून फवारणी करू नये. चार पाने त्यांची.

जुने झाड तोडण्याची वेळ आली तर कायदा ठाऊक असावा. शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. ग्रामीण भागात १९६४ च्या कायद्यानुसार आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ यांसारखी झाडे आपल्या जमिनीत असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत. कब्रस्तान वक्फची जागा असेल तर मुतवल्ली किंवा ट्रस्टचा ठराव लागेल. लावण्यासाठीही तो घ्यावा, म्हणजे पुढची कमिटी आली की झाडे उपटली जात नाहीत.

आणि प्रत्येक रिकामी जमीन झाडासाठी नसते हेही सांगितले पाहिजे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे ओसाड वाटतात, पण पावसाळ्यात तिथे गवत आणि बारीक फुलांचे गालिचे असतात, गुरांना चारा असतो. तिथे यंत्राने खड्डे फोडून रोपे कोंबणे म्हणजे असलेले मोडणे. २०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यात दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी असे लागवडीचे संकल्प सुटले. आकड्यांची हौस सरकारला शोभते. गावाने दहा झाडे लावावीत आणि दहाच्या दहा जगवावीत.

जगवण्याचे काम असे. एप्रिलमध्ये दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा खोदून उन्हात तापू द्यावा. जांभा असेल तर तीन फूट. तळाशी पालापाचोळा, वर शेणखत मिसळलेली माती. रोप मेमध्ये लावू नये, जमीन दोन-तीन पावसांनी पुरती भिजल्यावर जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला लावावे. वाऱ्याच्या बाजूने काठीचा आधार द्यावा. ऑक्टोबरमध्ये आळ्यात वीतभर जाड पाचोळा पसरावा, बुंध्याला न टेकवता. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला एक-दोन कळशा पुरतात, त्याही रोज थोड्या थोड्या घालण्यापेक्षा एकदाच भरपूर. त्यामुळे मूळ पाण्यामागे खाली जाते. हे पाणी कोण घालणार त्याचे नाव रोप आणण्याआधी ठरवावे. सुट्टीवर येणाऱ्याने रोपांवर खर्च करण्याऐवजी या दोन उन्हाळ्यांची मजुरी दिली तर ती जास्त कामी येईल.

वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी रोपे मिळतात, पण मागणी आधी, उन्हाळ्यातच नोंदवावी लागते. त्याहून सोपे, घरीच करणे. जांभूळ आणि कोकमाचे बी ताजेच रुजते, वाळवून ठेवले तर मरते. फळ खाल्ले की त्याच दिवशी पिशवीत टाकावे. उंडीचे कवच फोडून आतला गर लावला तर लवकर उगवतो. बहाव्याचे बी फार कठीण, त्याला दगडावर घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून मग पेरावे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, परसातली माती आणि उन्हाळी सुट्टीत घरी असलेली मुले एवढे सामान पुरते. बी कोणत्या झाडाचे, कोणत्या जागेवरून आणले, ते पिशवीवर लिहून ठेवावे.